वाळूच्या टेकड्यांतून रानात जाणारी सोपी वाट सरळ का जात नाही?

किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्या ओलांडून मागच्या रानात शिरणाऱ्या पायवाटा बहुतेक ठिकाणी 'सोप्या' या वर्गात मोडतात. चढ फारसा नसतो, अंतर तासा-दोन तासांत संपणारे असते, वाट चुकू नये म्हणून खांब रोवलेले असतात आणि लहान मुलांना किंवा वयस्कर माणसांना बरोबर घेऊन जाता येते. तरीही पहिल्यांदा अशा वाटेवर गेलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास खटकते. समोर समुद्र दिसत असतो, मध्ये फक्त गवत उगवलेली वाळू असते आणि वाट मात्र वळसे घेत जाते. जमिनीपासून उचललेल्या फळ्यांवरून चालावे लागते, दोन्ही बाजूंना दोर बांधलेले असतात आणि थोड्या थोड्या अंतरावर 'वाट सोडू नका' असे बजावणारे फलक असतात. मागच्या रानात, जिथे झाडे, पक्षी, प्राणी असे जपण्याजोगे पुष्कळ काही दिसते, तिथे दोर नाहीसा होतो आणि वाट साध्या मातीवर उतरते. ओसाड वाळूला इतका पहारा आणि भरल्या रानाला इतकी मोकळीक, हे उलटे वाटते.

ते उलटे नाही. टेकडीतली वाळू जागेवर टिकते ती मोजक्या वनस्पतींमुळे. या वनस्पती वादळ, खारा वारा आणि उन्हाची होरपळ सोसतात. माणसाचे पाऊल मात्र त्यांना सोसवत नाही. असे का होते हे कळले, की वाटेचे प्रत्येक वळण कळते.

वाळू जागची हलते कशी?

वाळू म्हणजे साधारण ०.०६ ते २ मिलिमीटर व्यासाचे कण. लाटा ते किनाऱ्यावर आणून टाकतात, ओहोटीच्या वेळी ते वाळतात आणि समुद्राकडून येणारा वारा त्यांना उचलतो. ओल्या वाळूत कणांमधले पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवते, म्हणून ती सहसा हलत नाही; कोरडी वाळू मात्र ताशी वीसेक किलोमीटर वेगाचा वारा सुटला की चालू लागते. ती आकाशात उंच उडत नाही. एक कण थोडासा उसळतो, पुढे पडतो, पडताना दुसऱ्या कणांना धक्का देऊन उसळवतो आणि उड्यांची ही साखळी जमिनीलगत, बहुतांशी गुडघ्याच्या खालीच, पुढे सरकत राहते. खळ्यावर धान्य उफणताना दाणे जवळ पडतात आणि भुसा दूर जातो, तशीच निवड वारा येथेही करतो: शंखशिंपल्यांचे जाड तुकडे पुळणीवर राहतात, बारीक धूळ पार निघून जाते आणि टेकडीत साठते ती जवळजवळ एकाच आकाराची वाळू. टेकडीवरची वाळू मुठीत घेतली तर ती पुळणीवरच्या वाळूपेक्षा मऊ आणि एकजिनसी लागते, त्याचे कारण हेच.

ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात भटकंती केल्यानंतर १९३०च्या दशकात वायुबोगद्यात वाळूवर प्रयोग केले. त्यातून निघालेला नियम या संपूर्ण विषयाची किल्ली आहे: वारा किती वाळू वाहून नेतो हे त्याच्या वेगाच्या साधारण घनावर ठरते. वेग दुप्पट झाला तर वाळूची वाहतूक सुमारे आठपट होते. त्यामुळे कित्येक आठवड्यांच्या मंद वाऱ्याने न होणारे काम जोरदार वाऱ्याचे काही तास करून जातात. हाच नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो. एखाद्या गवताच्या झुबक्याने वाऱ्याचा वेग थोडाच कमी केला, तरी वाऱ्याची वाळू वाहण्याची ताकद एकदम घसरते आणि वाळू तिथेच पडते. टेकडीचा जन्म असा एखाद्या झुबक्यापाशी होतो.

समशीतोष्ण किनाऱ्यांवर हे काम मुख्यतः मॅरम नावाचे उंच, ताठ गवत करते. उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल वाळूवर पसरून तेच करते. मॅरमची गंमत अशी, की वाळूखाली गाडले जाणे त्याला मानवते. वर्षाला जवळजवळ मीटरभर वाळू अंगावर पडली तरी ते तिच्यातून वर येते, नव्या थरात नवी मुळे सोडते आणि पुन्हा वाळू अडवते. उन्हात त्याचे पान आतल्या बाजूला गुंडाळून नळी बनते, त्यामुळे पानावरची श्वसनछिद्रे झाकली जातात आणि पाणी वाचते. म्हणजे टेकडी जितकी वाढते तितके गवत वाढते आणि गवत वाढते म्हणून टेकडी वाढते.

अर्ध्या तासाच्या वाटेत कित्येक शतके

शिकागो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स यांनी १८९९ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठावरील वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे समुद्र नाही, पण सरोवर इतके अफाट आहे की लाटा, वारा आणि वाळू यांचे गणित तेच राहते. काउल्स यांच्या लक्षात आले, की पाण्यापासून आत चालत गेले की टेकड्यांचे वय वाढत जाते आणि त्या वयाप्रमाणे त्यांच्यावरची वनस्पतीही बदलते. आज जिथे ओकचे रान उभे आहे तिथे कधीकाळी उघडी वाळू होती, आणि आज जिथे उघडी वाळू आहे तिथे पुढे रान होऊ शकते. एका वनस्पतिसमूहाची जागा दुसऱ्याने घेण्याच्या या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. परिस्थितिकीशास्त्राच्या पायाभरणीत या टेकड्यांचा वाटा मोठा आहे. २०१९ मध्ये त्यांना 'इंडियाना ड्यून्स' या नावाने अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

वाटेवर हा क्रम उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. पुळणीच्या वरच्या कडेला भरतीने टाकलेल्या समुद्रशैवालाची आणि काटक्यांची एक ओळ असते. ती अस्वच्छ दिसते म्हणून पुष्कळ ठिकाणी यंत्राने उचलली जाते, आणि हे फार चुकीचे आहे असे मला ठामपणे वाटते. कारण त्या कुजणाऱ्या ओळीतच पहिल्या वनस्पतींना ओल आणि खत मिळते. प्लास्टिक वेचून घ्यावे, शैवाल राहू द्यावे. तिच्या मागे हातभर उंचीचे वाळूचे उंचवटे लागतात आणि त्यांच्या मागे मॅरमची मुख्य रांग. गवतामधून उघडी वाळू दिसते म्हणून या टेकडीला पिवळी टेकडी म्हणतात.

त्याच्या पलीकडे उतरले की एक विचित्र गोष्ट दिसते. वाऱ्याच्या तोंडावर जोमाने वाढणारे मॅरम येथे, आडोशाला, विरळ आणि मरगळलेले असते. जगणे सोपे झाले तिथेच ते हरते. याचे एक मोठे कारण मुळांत आहे: जुन्या मुळांवर सूत्रकृमी आणि बुरशी यांचा उपद्रव वाढत जातो. ताजी वाळू पडत असते तोवर गवताला स्वच्छ थरात नवी मुळे सोडून त्यांच्या पुढे पळता येते. वाळू येणे थांबले की पळण्याची वाटच बंद होते. रिकाम्या झालेल्या जागेत शेवाळ आणि दगडफुले पसरतात, वाळूचा रंग करडा होतो आणि टेकडीचे नावही करडी टेकडी होते. हा थर पायाखाली कुरकुरतो आणि एका पावलात फुटतो.

दरम्यान जमिनीच्या आत एक संथ रसायन चालू असते. ताज्या वाळूत शिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुना, असतो आणि ती अल्कधर्मी असते. पावसाचे पाणी हा चुना विरघळवून खाली नेते, वरून पानांचा कुजलेला थर साठतो आणि शतकांच्या ओघात जमीन आम्लधर्मी बनते. मुळांच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र वापरणारी झुडपे, तसेच उष्ण किनाऱ्यांवरचा सुरू, नत्राच्या बाबतीत दरिद्री असलेल्या या वाळूत पाय रोवू शकतात. त्यांच्या मागून बर्च, पाइन, ओक असे वृक्ष येतात. वाटेच्या कडेला कुठे माती कापली गेली असेल तर जरूर थांबून पाहावे: वर काळसर थर, त्याखाली फिकट वाळू. रान त्या काळसर थरावर उभे असते आणि खालची वाळू अजूनही समुद्राचीच असते.

हा क्रम प्रत्येक ठिकाणी इतका सरळ चालत नाही. एखादे वादळ पहिली रांग खाऊन टाकते आणि मोजणी पुन्हा सुरुवातीपासून होते. चरणारे प्राणीही क्रम अडवून धरतात. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या रोगाने ससे मोठ्या संख्येने मेले, तेव्हा टेकड्यांवरची आखूड गवताची कुरणे काही वर्षांत झुडपांनी भरू लागली. शिवाय रानातली झाडे सरळ ओळींत आणि एकाच वयाची दिसली तर ती आपोआप आलेली नाहीत, लावलेली आहेत, हे ओळखावे.

समुद्राला लागून असूनही गोडे पाणी कसे?

दोन टेकड्यांमधल्या सखल जागेत वाट बहुधा ओलसर होते आणि पावसाळी ऋतूंत तिथे डबकी साचतात. हे पाणी गोडे असते. पावसाचे पाणी वाळूत झिरपते, पण ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यात सहज मिसळत नाही, त्याच्यावर तरंगत राहते. डच अभियंता बाडोन घेबेन यांनी १८८८ मध्ये आणि जर्मनीतील हेर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या हिशेबाप्रमाणे भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस मीटर खोलपर्यंत गोडे पाणी असते. हा साठा इतका भरवशाचा होता की १८५३ पासून ॲमस्टरडॅम शहराला टेकड्यांतले पाणी नळाने पुरवले जाऊ लागले. उपसा वाढल्यावर मात्र सखल जागा सुकल्या, आणि १९५७ पासून तिथे ऱ्हाईन नदीचे पाणी आणून जिरवावे लागले.

या ओलसर सखल भागात ऑर्किड फुलतात आणि बेडकांची वीण होते. फळ्यांची वाट येथे सर्वांत उंच असते. चालणाऱ्याचे पाय कोरडे राहतात हा त्याचा दुय्यम लाभ. पाण्याची हालचाल आणि फळ्यांखालची झाडे अबाधित राहावीत हा मुख्य हेतू.

वादळ सोसणारे गवत पाऊल का सोसत नाही?

मॅरम गाडले जाणे सोसते, उघडे पडणे सोसत नाही. वादळ त्याच्यावर वाळू टाकते, आणि वाळू तर त्याला हवीच असते. पाऊल याच्या नेमके उलट करते. ते उभे कोंब मोडते, वाळूतल्या आडव्या खोडांना तोडते आणि उतारावरची वाळू खाली ढकलून मुळे उघडी पाडते. एका माणसाच्या एका फेरीने काही बिघडत नाही, पण दिसणारी वाट दुसऱ्याला बोलावते, आणि एका मोसमात गवताच्या पट्ट्यात उघड्या वाळूची रेघ उमटते.

इथून पुढचे काम वारा करतो. समुद्राकडे तोंड असलेल्या सरळ, उघड्या रेघेत वारा कोंडतो आणि त्याचा वेग वाढतो. वेगाच्या घनाचा नियम आठवला, तर थोड्या वाढीव वेगाने केवढी जास्त वाळू उडेल हे लक्षात येईल. रेघेची घळ होते, घळीच्या कडा ढासळतात, कडांवरच्या गवताची मुळे लोंबू लागतात आणि पाहता पाहता टेकडीला मोठे खिंडार पडते. पुढच्या वादळात लाटांना आत शिरायला तोच दरवाजा मिळतो.

टेकडीची पहिली रांग किनाऱ्याचा वाळूचा साठा असते. वादळी लाटा तिच्यातली वाळू ओढून नेतात, ती किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली साचते, तिथले पाणी उथळ होते आणि पुढच्या लाटा दूरवरच फुटू लागतात. शांत हवामानात तीच वाळू हळूहळू पुळणीवर परतते आणि वारा ती पुन्हा टेकडीवर नेतो. खिंडारातून वाळू जमिनीकडे निघून गेली तर हा साठा तेवढा कमी होतो.

वाट वळसे का घेते याचे उत्तर आता सांगता येते. वाटेची दिशा नेहमीच्या वाऱ्याला तिरकी ठेवली आणि ती मध्ये मध्ये मोडली, तर वाऱ्याला सरळ धाव मिळत नाही. फळ्या जमिनीपासून उचललेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये फटी ठेवलेल्या असतात, कारण वाळूला त्यांच्याखालून आणि त्यांच्यामधून जाऊ द्यायचे असते, तसेच गवताला ऊन आणि पाऊस पोहोचू द्यायचा असतो. काही ठिकाणी फळ्या साखळीने किंवा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. वाळूत गाडल्या गेल्या की त्या वर ओढून पुन्हा अंथरता येतात. रानातली माती मुळांच्या जाळ्याने आणि पालापाचोळ्याने बांधलेली असते, वारा झाडांनी अडवलेला असतो, म्हणून तिथे वाटेला एवढ्या उपायांची गरज पडत नाही. ठरल्या वाटेने चालण्याचा नियम मात्र तिथेही लागू असतो.

मग या वाटेला सोपी का म्हणायचे?

फळ्या आहेत म्हणून. मऊ वाळूत पाय रुततो, टाच घसरते आणि प्रत्येक पावलाची थोडी मेहनत वाळू हलवण्यात खर्च होते. १९९८ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी मोजून दाखवले, की त्याच वेगाने कठीण जमिनीवर चालण्याच्या तुलनेत वाळूत चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. म्हणजे वाट सोडून टेकडीवरून 'जवळचा' रस्ता काढणारा माणूस अंतर वाचवतो आणि श्रम वाढवून घेतो. पुळणीवरून चालायचे असेल तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे आणि भरतीची वेळ आधी पाहून निघावे. उघड्या टेकड्यांवर सावली नसते आणि कडक उन्हात वाळूचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकतो, म्हणून टोपी, पाणी आणि बंद बूट हवेत, आणि टेकड्यांचा भाग सकाळी उरकून दुपारी रानात असावे. समशीतोष्ण प्रदेशांत रानाकडेच्या उंच गवतात गोचिड्या असतात; परतल्यावर पाय तपासावेत.

सगळीकडे झाडे लावली की प्रश्न सुटणार नाही का?

हा आक्षेप बिनबुडाचा नाही, आणि इतिहासात त्याला मोठा आधार आहे. स्कॉटलंडमधील कल्बिन येथे १६९४च्या वादळात सुपीक शेते वाळूखाली गेली. छपरे शाकारण्यासाठी टेकड्यांवरचे गवत उपटण्याची तिथे रीत होती, आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या संसदेने हे गवत उपटण्यावर बंदी घालणारा कायदा केला. विसाव्या शतकात, १९२०च्या दशकापासून, तिथे वाळूवर फांद्या अंथरून त्यांच्या आडोशाला पाइनची रोपे लावली गेली. आज त्या रानातून चालायच्या वाटा जातात. फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर निकोला ब्रेमोंतिये यांनी १७८०च्या दशकात पाइन पेरून वाळू बांधण्याचे प्रयोग केले, आणि आज त्या लांद प्रदेशात सुमारे दहा लाख हेक्टरांवर पाइनचे रान आहे. लिथुआनिया आणि रशिया यांच्यात विभागलेल्या ९८ किलोमीटर लांबीच्या कुरोनियन भूपट्टीवर रान तोडल्यामुळे वाळू सुटली आणि गावेच्या गावे गाडली गेली; एकोणिसाव्या शतकात लावलेल्या झाडांनी ती थोपवली. २००० साली ही भूपट्टी जागतिक वारसा यादीत आली.

पण सगळी वाळू बांधून टाकणे हेही नुकसानच ठरते. करड्या टेकडीवरची लहान फुले, उघड्या वाळूत अंडी घालणारे सरडे, उथळ आणि उबदार डबकी लागणारे बेडूक यांना दाट रानात जागा उरत नाही. पाइनची झाडे पाणीही पुष्कळ ओढतात आणि सखल जागा कोरड्या पडतात. एकाच जातीच्या रानाला आगीचा धोका जास्त; जुलै २०२२ मध्ये पिला या युरोपातील सर्वांत उंच वालुकाटेकडीच्या शेजारचे पाइनचे रान मोठ्या प्रमाणावर जळाले. नेदरलँड्समध्ये तर आता काही ठिकाणी पहिल्या रांगेत मुद्दाम खाचा कापल्या जातात, जेणेकरून ताजी, चुनखडीयुक्त वाळू आत जाईल आणि जुन्या टेकड्या पुन्हा तरुण होतील. 'आम्ही पाय ठेवला तर खिंडार पडते आणि तुम्ही कापले तर उपाय' असा प्रश्न यावर कोणी विचारील. फरक जागेचा आहे. त्या खाचा मागे रुंद टेकड्यांचा पट्टा आहे हे मोजून कापल्या जातात; पायांनी पडलेले खिंडार कुठे पडावे हे कोणी ठरवलेले नसते.

वाळूच तर आहे, तिथे धोका कसला?

टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची आणि पाठीमागची बाजू सुमारे ३२ ते ३४ अंशांची असते. कोरडी वाळू याहून तीव्र कोनात उभी राहत नाही, त्यामुळे मागची बाजू नेहमी घसरण्याच्या बेतात असते. मुलांनी तिथे बिळे किंवा खोल खड्डे खणणे अतिशय धोक्याचे आहे, कारण कडा क्षणात ढासळतात आणि वाळूचे वजन छातीला श्वास घेऊ देत नाही.

सरकत्या टेकडीत याहूनही अनपेक्षित धोका दडलेला असू शकतो. इंडियाना ड्यून्समधील माउंट बाल्डी ही टेकडी जमिनीकडे सरकत ओकच्या झाडांना गिळत आली आहे. गाडलेली खोडे आतून कुजली आणि त्यांच्या जागी वाळूत उभ्या पोकळ्या राहिल्या. जुलै २०१३ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा अशाच पोकळीत पडून वाळूखाली गेला. तीन तासांहून अधिक काळाने त्याला बाहेर काढण्यात आले आणि तो वाचला. त्यानंतर ती टेकडी लोकांसाठी बंद करून तपासण्यात आली. वरून पाहता त्या जागी पोकळी असल्याची कोणतीही खूण दिसत नव्हती.

नकाशा आणि खांब जुळले नाहीत तर?

पिलाची टेकडी दर वर्षी साधारण एक ते पाच मीटर आत सरकते आणि तिच्या मागचे रान गाडत जाते. इतका वेग सर्वत्र नसला, तरी किनाऱ्याजवळच्या वाटा दर काही वर्षांनी हलवाव्या लागतात, आणि छापील किंवा मोबाईलमधला नकाशा मागे पडतो. अशा वेळी जागेवरच्या खांबांचे ऐकावे. नकाशात दिसणारी वाट दोराने बंद केलेली असेल आणि तिच्यावर काटक्या टाकलेल्या किंवा गवताचे झुबके लावलेले दिसले, तर तिथे खिंडार भरण्याचे काम चालू आहे असे समजावे. त्या काटक्यांपाशी वाळू साठायला, साठलेल्या वाळूत गवताने मूळ धरायला आणि पट्टा पुन्हा सलग व्हायला काही मोसम लागतात, आणि तेवढा काळ वाट पलीकडून जाते.